दिव्यांग दिनाचा कार्यक्रम झाला, पण प्रशिक्षण कुणाचं झालं?

गगनबावडा : ३ डिसेंबर जवळ आला की शाळा, ग्रामपंचायत, पंचायत समितीत जागतिक दिव्यांग दिनाची गडबड सुरू होते. फलक लागतो, प्रतिमापूजन होतं, दोन-चार भाषणं होतात, गावातल्या दिव्यांग बांधवांना शाल-श्रीफळ दिलं जातं आणि संध्याकाळपर्यंत फोटो ग्रुपवर पडतात. संयुक्त राष्ट्रांनी १९९२ साली हा दिवस ठरवला, तेव्हापासून तो जगभर पाळला जातो. कार्यक्रमात वाईट काही नाही. एरवी घराच्या सोप्यातच बसून राहणारा माणूस त्या दिवशी तरी गावासमोर येतो. पण ४ डिसेंबरला तोच माणूस ग्रामपंचायतीच्या पायऱ्यांखाली थांबून "भाऊसाहेबांना जरा बाहेर बोलवा" म्हणत असेल, तर आदल्या दिवशीच्या भाषणांचा त्याला काय उपयोग झाला?

कायद्याने हा प्रश्न आधीच विचारात घेतला आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ साली झाला आणि १९ एप्रिल २०१७ पासून देशभर लागू आहे. त्याचं कलम ३९ जनजागृतीचं आहे. त्याची माहिती थोडीफार सगळ्यांना असते. कलम ४७ मात्र फारसं कुणी वाचलेलं नसतं. ते प्रशिक्षणाचं आहे. पंचायत राज सदस्य, आमदार-खासदार, प्रशासनातले अधिकारी, पोलीस, न्यायाधीश आणि वकील यांच्या प्रशिक्षणात दिव्यांगांच्या हक्कांचा विषय सक्तीचा करायचा, असं ते सांगतं. पुढे शिक्षक, डॉक्टर, नर्स, ग्रामविकास अधिकारी, आशा, अंगणवाडी सेविका, इंजिनिअर, आर्किटेक्ट यांच्या अभ्यासक्रमातही हा विषय घालायला सांगितलं आहे. म्हणजे गावात ज्यांच्याशी आपला रोज संबंध येतो ती जवळजवळ सगळी मंडळी या यादीत आहेत. सरपंच आणि सदस्यसुद्धा.

यादीत एवढी माणसं का घातली, हे समजायला आकडा बघावा लागतो. २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख दिव्यांग नोंदले गेले, त्यातले ६९ टक्के खेड्यात राहणारे. महाराष्ट्रात ही संख्या २९ लाखांवर होती. गगनबावडा तालुक्याची लोकसंख्या तेव्हा ३५ हजारांच्या पुढे होती. राज्याचंच प्रमाण धरलं तरी तालुक्यात ९०० च्या आसपास माणसं होतात. शिवाय तेव्हाची मोजणी जुन्या व्याख्येवर झाली होती. १९९५ च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे ७ प्रकार होते, नव्या कायद्यात २१ आहेत. स्वमग्नता, शिकण्यातली विशिष्ट अडचण, सिकलसेल, थॅलेसेमिया, हिमोफिलिया, पार्किन्सन, ॲसिड हल्ल्यातील पीडित हे सगळे आता यात येतात. गावात दिव्यांग म्हटलं की काठी, कुबडी किंवा तीनचाकी एवढंच डोळ्यांसमोर येतं. बाकीची माणसं "जरा खुळं हाय", "ढ हाय", "अंगातच नाही" या शब्दांखाली झाकून जातात.

प्रशिक्षणाचा सगळ्यात मोठा फायदा लहान मुलांना होतो. केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने नोव्हेंबर २०२३ मध्ये अंगणवाडीसाठी दिव्यांग बालकांबाबतची कार्यपद्धती जाहीर केली. तिचे टप्पे तीन. पहिल्यात सेविकेने लक्षणं लवकर ओळखायची. दुसऱ्यात त्या मुलाला आणि घरच्यांना गावाच्या कार्यक्रमांत सामील करून घ्यायचं. तिसऱ्यात आशा, एएनएम आणि राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकामार्फत पुढच्या तपासणीला पाठवायचं.

पहिला टप्पा चुकला की पुढचं सगळं लांबतं. मूल साधारण चार महिन्यांत मान धरतं, नऊ महिन्यांपर्यंत आधाराशिवाय बसतं, दीड वर्षापर्यंत चालतं आणि दोन वर्षांचं होईपर्यंत दोन-दोन शब्द जोडून बोलायला लागतं. भांडं पडल्याचा मोठा आवाज झाला आणि सहा महिन्यांच्या बाळाने मान वळवली नाही, तर कान तपासले पाहिजेत. आपल्याकडे काय होतं? आजी म्हणते, "ह्याचा बा बी उशिराच बोलायला लागला." बा खरंच उशिरा बोलला असेल, पण नातवाला ऐकायलाच येत नसेल तर तो बोलायला शिकणार कसा? पहिल्या दोन-तीन वर्षांत श्रवणयंत्र मिळालेलं मूल आणि सातव्या वर्षी शाळेत गेल्यावर ज्याचा बहिरेपणा लक्षात आला ते मूल, यांच्या बोलण्यात जमीन-अस्मानाचा फरक राहतो. आजीचं म्हणणं न दुखावता आईला तपासणीला तयार करणं ही शिकण्याची गोष्ट आहे. ती परिपत्रक वाचून येत नाही. त्यासाठी सेविकेला सराव द्यावा लागतो.

बाल स्वास्थ्यचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतं. त्या दिवशी मूल "आजारी हाय" म्हणून घरी ठेवलं की सहा महिने गेले. पथकाची तारीख सेविकेकडून आधी विचारून घ्यायला काहीच हरकत नाही. धनगरवाड्यावरच्या आईपर्यंत ती तारीख पोहोचवणं हेही गावाचंच काम आहे.

शाळेत दुसरी अडचण असते. अक्षरं उलटी लिहिणारा, तोंडी सगळं सांगणारा पण वहीत काहीच न उतरवणारा मुलगा मार खातो आणि चौथी-पाचवीनंतर गुरांमागे जातो. त्याला शिकण्यातली अडचण असू शकते, हे वर्गशिक्षकाच्या लक्षात आलं तर तालुक्याच्या विशेष शिक्षकाकडून तपासणी करून घेता येते. पुढे दहावी-बारावीच्या बोर्ड परीक्षेत दिव्यांग विद्यार्थ्यांना दर तासाला २० मिनिटं जादा वेळ आणि गरजेप्रमाणे लेखनिक मिळतो. ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेल्या मुलाला ६ ते १८ वयापर्यंत जवळच्या शाळेत किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. "आमच्याकडे सोय नाही, दुसरीकडे घाला" असं सांगून सरकारी किंवा अनुदानित शाळेला हात झटकता येत नाहीत.

आता वागण्याबद्दल. संवेदनशीलता प्रशिक्षण हे नाव जड वाटतं, पण त्यात शिकवतात त्या गोष्टी घरगुती आहेत. अंध माणसाचा हात धरून ओढायचं नाही. "येऊ का बरोबर?" विचारायचं आणि आपला कोपर पुढे करायचा, तो धरून चालेल. ऐकू न येणाऱ्याच्या कानाशी ओरडायचं नाही, तोंड त्याच्याकडे करून सावकाश बोलायचं, म्हणजे ओठांवरून त्याला कळतं. चाकाची खुर्ची न विचारता ढकलायची नाही. आणि सगळ्यात जास्त घडणारी चूक म्हणजे सोबत्याशी बोलणं. बँकेत, दवाखान्यात समोर बसलेल्या माणसाला सोडून "ह्यांना काय होतंय?" असं सोबत आलेल्याला विचारलं जातं. त्रास ज्याला आहे त्यालाच विचारावं.

टोपणनावांचंही तसंच. लंगड्या, बहिऱ्या, चकण्या ही नावं गावात इतकी रुळलेली असतात की कुणाला काही वाटत नाही, असं आपण समजतो. ज्याला हाक मारतात त्याला वाटतं. चारचौघांत मुद्दाम अपमान करण्याच्या हेतूने दिव्यांग व्यक्तीला बोललं तर कायद्याच्या कलम ९२ प्रमाणे सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत शिक्षा आणि दंड होऊ शकतो. पोलिसांचं प्रशिक्षण कायद्यात का घातलं, हे यावरून कळेल. तक्रार घ्यायची की "जाऊ दे, चेष्टा केली" म्हणून परत पाठवायचं, हे ठाण्यात बसलेल्या माणसाला काय माहीत आहे त्यावर ठरतं.

इंजिनिअरचं प्रशिक्षण झालं नसेल तर काय होतं, ते बघायला फार लांब जायला नको. रॅम्पचा साधा हिशोब १ ला १२ असा आहे. एक फूट चढायला बारा फूट लांबी. सहा-सहा इंचाच्या तीन पायऱ्या असतील तर रॅम्प अठरा फुटांचा हवा. बऱ्याच ठिकाणी सहा-सात फुटांत उतार ओतून मोकळे होतात. त्यावरून मोटारसायकल चढते, खुर्ची चढत नाही. त्यात गगनबावड्याचा पाऊस. जून ते सप्टेंबर जांभ्याच्या पायरीवर आणि गुळगुळीत कोब्यावर शेवाळ धरतं. धडधाकट माणूस घसरतो, तिथे कुबडीवाल्याची काय कथा! म्हणून इथल्या रॅम्पला खरखरीत पृष्ठभाग, दोन्ही बाजूला धरायला पाईप आणि शक्य असेल तर वर पत्र्याचं छत पाहिजे. दोन्ही हातांत कुबड्या असलेल्या माणसाला छत्री धरता येत नाही, ही गोष्ट पुण्या-मुंबईत बनवलेल्या नकाशात कशी येणार? आपल्या भागातल्या जुन्या इरल्याला हात लागत नव्हते, हे इथे आठवतं.

जागृती कुणी करायची, याचं उत्तर कोल्हापूर जिल्ह्याने चाळीस वर्षांपूर्वीच दिलंय. नसीमा हुरजूक यांना ऐन तारुण्यात पाठीच्या कण्याच्या आजाराने चाकाच्या खुर्चीत बसावं लागलं. त्यांनी १९८४ मध्ये कोल्हापुरात हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड ही संस्था उभी केली. पुढे उचगावला वसतिगृह आणि शाळा झाली, घाटाखाली सिंधुदुर्गात काजू प्रक्रियेचं काम सुरू झालं. त्यांचं 'चाकाची खुर्ची' हे आत्मकथन अनेकांनी वाचलं आहे. उचगावच्या शाळेत दिव्यांग आणि इतर मुलं एकाच वर्गात बसवली गेली. तिथे शिकलेल्या धडधाकट मुलांना वेगळी संवेदनशीलता शिकवायची गरज किती उरली असेल? गावातल्या कार्यक्रमातही हेच करता येईल. व्यासपीठावर पाहुणे आणि समोर शाल घ्यायला दिव्यांग, ही मांडणी उलटी करायची. माईक त्यांच्याकडे द्यायचा आणि सरपंच, सदस्य, शिक्षक, सेविका यांनी समोर बसून ऐकायचं. कुणाला कुठली पायरी अडते, कुठल्या नळावर हात पोहोचत नाही, हे तासाभरात कळेल.

ओळखपत्राचा विषयही अशा कार्यक्रमातच मार्गी लागू शकतो. दिव्यांगांचं यूडीआयडी कार्ड स्वावलंबन पोर्टलवर ऑनलाइन अर्ज करून मिळतं. ४० टक्क्यांच्या आत पांढरं, ४० ते ८० मध्ये पिवळं आणि त्याच्या वर निळं कार्ड असतं. एसटीच्या सवलतीपासून पेन्शनपर्यंत बहुतेक ठिकाणी ४० टक्क्यांची अट असते. अर्ज मोबाईलवरून होतो, तपासणीला मात्र जावंच लागतं आणि कोल्हापूरचं सीपीआर इथून ५५ किलोमीटर. जुलै-ऑगस्टची तारीख आली आणि मांडुकली, लोंघे इथं कुंभीचं पाणी रस्त्यावर आलं की ती तारीख गेलीच. मुलाला पाठुंगळी घेऊन, मजुरी बुडवून गेलेल्या आईला "अमुक कागद राहिला, पुढच्या आठवड्यात या" असं ऐकावं लागलं तर ती परत जात नाही. आधार, फोटो, पत्त्याचा पुरावा, जुने उपचाराचे कागद एवढं आशाताईंनी किंवा सेवा केंद्रवाल्याने आधी बघून दिलं तर तो हेलपाटा वाचतो. तालुक्यातच पावसाळ्याआधी तपासणी शिबिर लावण्याची मागणी ग्रामपंचायती ठराव करून करू शकतात.

यासाठी पैसा कुठून आणायचा, असं कोणी विचारेल. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. समजा वर्षाला घरपट्टी-पाणीपट्टीसह ४ लाख रुपये जमा झाले, तर २० हजार होतात. ही रक्कम मोठी नाही. लाभार्थ्यांमध्ये सारखी वाटून टाकली तर प्रत्येकाच्या हातात हजार-दीड हजार पडतात आणि विषय संपतो. काही गावांना तेच बरं वाटतं, गरजू माणसाला रोख मिळालेली नको असते असंही नाही. पण त्यातला थोडा भाग कुबड्यांच्या तळाला लागणाऱ्या रबरी बुचांसाठी, रॅम्पच्या पाईपसाठी किंवा सीपीआरला जायच्या गाडीसाठी वापरायचा का, हे गावाने बसून ठरवलं पाहिजे. निधी किती जमला आणि कशावर खर्च झाला, हे ग्रामसभेत कुणीही गावकरी विचारू शकतो. त्याच सभेत, कलम ४७ प्रमाणे आपल्या सरपंच-सदस्यांचं दिव्यांग हक्कांवरचं प्रशिक्षण झालंय का आणि नसेल तर कधी होणार, हेही विचारून इतिवृत्तात लिहून घेता येतं.