सामुदायिक बागा, नागरी

शहरातील मोकळ्या जागेत परिसरातील रहिवाशांनी एकत्र येऊन लावलेल्या व राखलेल्या बागा. सार्वजनिक उद्यानांची निगा नगरपालिकेचे माळी राखतात. येथे मशागत, पेरणी, पाणी देणे, खुरपणी इ. कामे रहिवासीच करतात. बहुधा प्रत्येक कुटुंबाकडे एक वाफा असतो. पाणी, अवजारे व कंपोस्टचे खड्डे सामाईक असतात.

न्यूयॉर्कमधील बागा हे याचे ठळक उदाहरण होय. १९७० नंतरच्या आर्थिक अरिष्टात तेथील अनेक इमारती ओस पडल्या, जळाल्या वा पाडल्या गेल्या आणि रिकाम्या भूखंडांवर कचरा साठला. १९७३ मध्ये लिझ क्रिस्टी व त्यांच्या सहकाऱ्यांनी मॅनहॅटनमधील बाउअरी व हाउस्टन या रस्त्यांच्या कोपऱ्यावरील असा एक भूखंड साफ करून तेथे वाफे केले. १९७४ मध्ये महापालिकेने तो दरमहा एक डॉलर भाड्याने दिला व १९७८ मध्ये अशा बागांसाठी ‘ग्रीनथंब’ ही साहाय्ययोजना सुरू केली.

बागकामाने शरीराला सौम्य पण नियमित व्यायाम घडतो आणि ताजा भाजीपाला मिळतो. डेन्व्हर व ऑरोरा (कोलोरॅडो) येथील २९१ प्रौढांवरील यादृच्छिक चाचणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. वाफा मिळालेल्यांच्या आहारात इतरांपेक्षा दररोज सु. १·४ ग्रॅ. अधिक तंतुमय द्रव्य आढळले; त्यांचा मानसिक ताण व चिंताही अधिक घटली. मात्र जुन्या इमारतींच्या रंगातील शिसे मातीत उतरलेले असू शकते. म्हणून मातीची तपासणी करून, गरजेप्रमाणे स्वच्छ माती भरलेले उंच वाफे वापरतात.

सामाजिक लाभ सामाईक कामातून उद्‌भवतात. पाण्याची पाळी, बियाण्यांची देवघेव यांमुळे एरवी अपरिचित राहणारे शेजारी एकमेकांना ओळखू लागतात. न्यूयॉर्कमधील प्वेर्तो रीकन रहिवाशांनी बागांत ‘कासिता’ नावाची लाकडी घरकुले उभारली. सण, संगीत व वृद्धांच्या बैठकी तेथे होत.

बाग यशस्वी झाली, तरी जमिनीवरचा हक्क त्याने सिद्ध होत नाही. १९९९ मध्ये न्यूयॉर्क महापालिकेने शंभरावर बागांच्या जमिनी लिलावास काढल्या. तीव्र विरोधानंतर दोन धर्मादाय संस्थांनी त्या सु. ४२ लाख डॉलरना विकत घेऊन वाचविल्या. २००२ मधील तडजोडीने आणखी शेकडो बागांना संरक्षण मिळाले. सुपीक माती व शेजाऱ्यांतील विश्वास या दोहोंच्या जडणघडणीस अनेक वर्षे लागतात. त्यामुळे नगररचनेत अशा जागांचा दीर्घ मुदतीचा भाडेपट्टा वा आरक्षण असणे, ही या लाभांची पूर्वअट ठरते.