हरलेल्या पैलवानाची पाठ कोण थोपटणार?

शरीर कसे कमवावे, हे कोल्हापूरच्या माणसाला कुणी शिकवावे लागत नाही. पहाटेच्या अंधारात उठायचे, जोर-बैठका मारायच्या, लाल मातीत घाम गाळायचा आणि मग दूध, तूप, बदामाच्या थंडाईने अंग भरायचे. राजर्षी शाहू महाराजांच्या आश्रयाने ही विद्या वाढली आणि १९१२ मध्ये खासबागेचे मैदान उभे राहिले. गंगावेश, मोतीबाग, शाहूपुरी ही नावे इथल्या घराघरांत देवळांच्या नावांइतक्याच आदराने घेतली जातात. खुराक किती, मेहनत किती, याचा हिशेब प्रत्येक वस्तादाला तोंडपाठ असतो. पण पैलवानाच्या मनाचा हिशेब कोण ठेवतो?

जिंकणाऱ्याला आपण फेटा बांधतो, खांद्यावर घेतो, हलगीच्या कडकडाटात मिरवतो. त्याच वेळी चीतपट झालेला दुसरा मुलगा अंगावरची माती झटकत गर्दीतून बाहेर पडत असतो. तोही तितक्याच पहाटे उठलेला असतो. त्याच्याही बापाने खुराकासाठी म्हैस नाहीतर एखादा जमिनीचा तुकडा विकलेला असतो. घरी काय सांगायचे, हा प्रश्न त्याला समोरच्या मल्लाच्या डावापेक्षा जड जातो.

गुडघा दुखावल्यामुळे तालीम सोडावी लागलेला एक तरुण माझ्या ओळखीचा आहे. आता तो गावी शेती बघतो. पण गावच्या जत्रेला तो जात नाही. "काय पैलवान, यंदा कुस्ती कुठं?" या एका प्रश्नाची त्याला धास्ती वाटते. विचारणाऱ्याच्या मनात काही वाईट नसते. परंतु दहाव्या-बाराव्या वर्षापासून ज्याला सगळे 'पैलवान' म्हणूनच हाक मारत आले, त्याची कुस्ती सुटली की त्याने स्वतःला कोण म्हणून ओळखायचे? गुडघ्यासाठी त्याला डॉक्टर मिळाला. झोप उडाली त्याबद्दल मात्र त्याने कुणाला सांगितले नाही, आणि कुणी विचारलेही नाही.

वाचकांना खाशाबा जाधवांची गोष्ट ठाऊक आहेच. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये त्यांचा सहावा क्रमांक आला. मातीत वाढलेल्या मल्लाला तिथे गादीवर लढावे लागले होते. पण ते खचले नाहीत. १९५२ मध्ये हेलसिंकीला जायला पैसे नव्हते, तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. हेलसिंकीचे पदक आपण अभिमानाने सांगतो, पण मला या गोष्टीत लंडनचा पराभव अधिक महत्त्वाचा वाटतो. हरून आलेल्या मुलावर कुणी तरी घर गहाण टाकण्याइतका विश्वास ठेवला, हे मनाला केवढे मोठे बळ!

अलीकडचे उदाहरण आपल्याच जिल्ह्यातले आहे. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा नेमबाज स्वप्नील कुसाळे २०२३ च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत वैयक्तिक अंतिम फेरीत आघाडीवर होता. उभ्याने नेम धरण्याच्या टप्प्यात एक गोळी ७.६ गुणांवर गेली आणि तो चौथा आला. एका गोळीने पदक गेले. पुढच्याच वर्षी, १ ऑगस्ट २०२४ रोजी, पॅरिसला त्याने ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये ४५१.४ गुणांसह कांस्यपदक मिळवले. खाशाबांनंतर ७२ वर्षांनी महाराष्ट्राला वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळाले. आपले लक्ष श्वासावर होते, असे त्याने नंतर सांगितले. नेमबाजीत श्वास आणि मन स्थिर नसेल, तर नुसत्या दंडाच्या बळाचा उपयोग नाही.

जिंकल्यावर सारे सुरळीत होते, असेही नाही. २००८ च्या सुवर्णपदकानंतर आपल्याला पोकळी जाणवली, निराशेने घेरले, हे अभिनव बिंद्राने उघडपणे सांगितले आहे. अमेरिकेची जिम्नॅस्ट सिमोन बाइल्स २०२१ मध्ये टोकिओत मनाच्या स्वास्थ्यासाठी सांघिक अंतिम फेरीतून बाहेर पडली. तिच्यावर टीकाही झाली. पण २०२४ मध्ये पॅरिसहून ती तीन सुवर्णपदके घेऊन परतली. वेळीच थांबणे म्हणजे पळ काढणे नव्हे, हे यावरून कळावे.

आपल्या तालमीत एक मोठी गोष्ट पूर्वीपासून आहे. मुले एकत्र राहतात, एकत्र स्वयंपाक करतात, एकमेकांचे अंग रगडतात. एकटेपणावर यासारखे औषध नाही. याला जोड हवी ती मोकळ्या बोलण्याची. 'मर्दानं रडायचं नसतं' हे वाक्य आखाड्याबाहेर ठेवले, तर कितीतरी मुले बोलू लागतील. एखादा मुलगा अचानक गप्प झाला, खाणे कमी झाले, रात्र-रात्र जागू लागला, सरावाला टाळाटाळ करू लागला, तर तो आळशी झाला असे समजू नये. वस्तादांनी त्याला बाजूला बसवून विचारावे आणि गरज असेल तर मनोविकारतज्ज्ञांकडे न्यावे. १४४१६ या टेलि-मानस क्रमांकावर सरकारची मोफत मदतही मिळते. पाय मुरगळला तर आपण लाजत नाही, मग मनाबाबतच लाज कशाला?

घरच्यांसाठी तर हे आणखी सोपे आहे. मैदानातून परतलेल्या मुलाला दारातच "जिंकलास का?" असे विचारू नये. आधी पाणी द्यावे, "जेवलास का?" म्हणावे. निकाल तो आपणहून सांगेल. आणि हरला असेल, तर त्या रात्री त्याच्या ताटात नेहमीइतकेच तूप पडावे.