शब्दावरची पैज

दसरा जवळ आला की आमच्या बीड जिल्ह्यात एकच चर्चा : सावरगाव घाटच्या मेळाव्यात पंकजाताई काय बोलणार? आमचे अंदाज फुकटचे. अमेरिकेत मात्र अशा अंदाजांचा बाजारच भरतो. नेता अमुक शब्द उच्चारेल, याचं तिकीट ७० सेंटला विकलं जात असेल, तर बाजाराच्या मते शक्यता ७० टक्के. शब्द आला तर पूर्ण डॉलर, नाहीतर शून्य.

पावसावर पैज लावली तर पाऊस ती ऐकत नाही. वक्ता ऐकतो! ऑक्टोबर २०२५मध्ये कॉइनबेस या कंपनीचे प्रमुख ब्रायन आर्मस्ट्राँग यांनी तिमाही निकालांच्या बैठकीअखेर पैजेतले शब्द चक्क ओळीनं म्हणून टाकले. उद्या एखाद्या नेत्याच्या माणसानं स्वस्तात तिकिटं घेऊन भाषणात तो शब्द घुसवला तर?

आपल्या संसदेनं २०२५मध्येच पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. मेळाव्यांपुरता तरी मला तो बरा वाटतो.