निद्रिस्त विषाणूंवर पहारा

१९८३ साली मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी व त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतातील पहिले यशस्वी अस्थिमज्जारोपण केले. रुग्ण होती रक्ताचा कर्करोग झालेली नऊ वर्षांची मुलगी. मज्जा होती तिच्या भावाची. १९८६ मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन वैद्यकीय महाविद्यालयातही हे उपचार सुरू झाले. पुढे चेन्नईतील रुग्णालयांतही ते होऊ लागले आणि दूरदूरच्या प्रांतांतून रुग्ण तेथे येऊ लागले. मज्जा यशस्वीपणे रुजली म्हणजे संकट टळले, असे मात्र या रुग्णांच्या बाबतीत म्हणता येत नाही. त्यानंतरचे शंभर दिवस वेगळ्याच चिंतेचे असतात.

रोपणापूर्वी तीव्र औषधांनी, क्वचित किरणोत्सर्गानेही, रुग्णाची स्वतःची मज्जा नष्ट केली जाते. मग दात्याच्या मूलपेशी शिरेवाटे दिल्या जातात. साधारणपणे दोन ते चार आठवड्यांत नव्या पेशी रक्तात दिसू लागतात. परंतु विषाणूंना ओळखून त्यांचा बंदोबस्त करणाऱ्या टी-पेशी पुरेशा समर्थ होण्यास अनेक महिने लागतात. शिवाय दात्याच्या पेशींनी रुग्णाच्याच शरीरावर हल्ला करू नये म्हणून प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे द्यावी लागतात. शरीर असे दुहेरी निराधार होते.

या अवस्थेतील एक मोठा शत्रू बाहेरून येत नाही. तो आधीपासूनच घरात असतो. सायटोमेगॅलोव्हायरस हा नागिणीच्या विषाणूच्या कुळातील विषाणू. भारतात बहुतेकांना त्याचा संसर्ग बालपणीच होतो. प्रौढांपैकी दहांतल्या नऊहून अधिक जणांच्या रक्तात त्याची खूण आढळते. निरोगी माणसाला त्याचा उपद्रव सहसा जाणवत नाही. पण तो शरीरातून जातही नाही. हरळीच्या मुळ्या उन्हाळाभर ढेकळांत दडून राहाव्यात आणि पहिल्या पावसात रान पुन्हा हिरवे व्हावे, तसा तो पेशींत दबा धरून असतो. टी-पेशींचा पहारा उठला की तो पुन्हा वाढू लागतो.

त्याने फुप्फुसांवर हल्ला केला तर परिणाम भयंकर होतो. सुरुवातीच्या काळात असा फुप्फुसदाह झालेले बहुसंख्य रुग्ण दगावत असत. धाप लागून रोग ध्यानी येईपर्यंत वेळ निघून गेलेली असे. मग सर्वांनाच आधीपासून औषध का देऊ नये? अडचण अशी की या विषाणूवरील गॅन्सिक्लोविर हे प्रमुख औषध नव्या मज्जेलाच मारक ठरते. रक्तातील पांढऱ्या पेशी घटतात व इतर जंतूंना वाट मोकळी होते. एका संकटातून वाचवताना दुसरे ओढवण्याचा हा पेच होता.

त्यावर मधला मार्ग निघाला. रोगाची लक्षणे दिसण्याची वाट न पाहता, विषाणू वाढू लागल्याचा पुरावा मिळताच औषध द्यावे आणि तो ज्यांच्यात मिळतो त्यांनाच द्यावे. १९९१ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या चाचण्यांनी या पद्धतीची उपयुक्तता दाखवून दिली. प्रश्न उरला तो वेळीच पुरावा मिळवण्याचा. प्रयोगशाळेत विषाणू वाढवून पाहण्यास कित्येक दिवस, कधी आठवडेही लागत. नंतर पांढऱ्या पेशींतील विषाणूचे प्रथिन शोधणारी जलद कसोटी आली. परंतु रोपणानंतर त्या पेशीच मोजक्या असल्यामुळे ती अपुरी पडे. पीसीआर या तंत्राने विषाणूच्या डीएनएच्या असंख्य प्रती तयार करून रक्तातील त्याचे अत्यल्प प्रमाणही मोजता येऊ लागले.

आता साधारणपणे दर आठवड्याला ही तपासणी होते. एकाच आकड्यावर सर्वस्वी विसंबून चालत नाही. आकडा कोणत्या वेगाने चढतो, दाता कितपत जुळता आहे, रुग्णास स्टेरॉइड चालू आहे काय, यांचाही विचार करावा लागतो. निरनिराळ्या प्रयोगशाळांचे आकडे एकमेकांशी ताडून पाहता यावेत म्हणून २०१० साली जागतिक आरोग्य संघटनेने प्रमाणित मोजमाप ठरवून दिले.

पाश्चात्त्य देशांत या विषाणूचा संसर्ग न झालेले रुग्ण व दाते बऱ्याच प्रमाणात आढळतात; त्यामुळे दाता निवडताना ती बाब पाहता येते. भारतात बहुधा रुग्ण व दाता दोघांतही विषाणू असतोच. म्हणून येथे भिस्त पहाऱ्यावरच अधिक. एप्स्टाइन-बार विषाणू, मूत्राशयाला रक्तस्रावी दाह करणारा बीके विषाणू आणि यकृतदाहाचा बी विषाणू यांच्याकडेही लक्ष ठेवावे लागते. २०१७ साली अमेरिकेत मान्यता मिळालेले लेटरमोविर हे औषध मज्जेला अपाय करीत नाही. परंतु ते महाग आहे, आणि ते घेतानाही तपासणी सुटत नाही.

म्हणूनच रुग्णाला घरी सोडल्यावरही गावी न जाता काही महिने रुग्णालयाच्या आसपास राहण्यास सांगतात. परगावच्या कुटुंबाला भाषा अनोळखी, खर्च वाढता, कामधंदा बंद, अशा स्थितीत खोली घेऊन दिवस काढावे लागतात. प्रकृती चांगली दिसत असता दर आठवड्याला रक्त कशासाठी, असा प्रश्न त्यांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर एवढेच, की प्रकृती चांगली दिसत असतानाच या विषाणूला गाठावे लागते.