ससाणा अस्सल, पण रंग कुणाचा?

कॉफी टेबलवर मेणबत्त्या आणि बुद्धाची मूर्ती ठेवून कंटाळलात? मग रंगीत नाणी बघाच. मिसिसागाला स्थायिक झालेल्या माझ्या मावसभावाने मेपल सिरपऐवजी यंदा एक आणलं. निळसर-करड्या पाठीचा, पिवळ्या पायांचा बहिरी ससाणा! घरी येणारा प्रत्येक जण ते हातात घेतोच.

रॉयल कॅनेडियन मिंटने २०१४ आणि २०१५ मध्ये शिकारी पक्ष्यांची चार चांदीची नाणी काढली. बहिरी ससाणा, पांढऱ्या डोक्याचा गरुड, लाल शेपटीचा बाज आणि शिंगं असलेलं मोठं घुबड. प्रत्येकी ३१.१ ग्रॅम, चांदी ९९.९९ टक्के शुद्ध, दर्शनी किंमत फक्त ५ डॉलर. चित्रकार एमिली डॅमस्ट्रा. २०२१ पासून अमेरिकेच्या सिल्व्हर ईगलवर दिसणारा नवा गरुडही तिचाच.

आता गंमत ऐका. मिंटने ही नाणी साधी, बिनरंगीच काढली होती. रंग चढवला तो नंतर, खासगी विक्रेत्यांनी! आणि मुरलेले संग्राहक अशा नाण्याला सरळ 'बिघडलेलं' म्हणतात. रंगासाठी दुकानात जादा मोजलेले पैसे विकताना बहुधा परत येत नाहीत, चांदीचा भाव तेवढा मिळतो. शोपीस म्हणून घ्या, हरकत नाही. पण गुंतवणूक म्हणून कुणी गळ्यात मारत असेल तर आधी मिंटच्या कॅटलॉगमध्ये रंगीत आवृत्तीची नोंद शोधा. विक्रेत्याने स्वतःच छापलेलं चकचकीत सर्टिफिकेट काही कामाचं नाही.

तसं मिंट स्वतःही नाणी रंगवते. २००४ मध्ये लाल पॉपीचं फूल असलेलं २५ सेंटचं नाणं कॅनडात चक्क रोजच्या चलनात आलं. त्याच्यावरचं आवरण पाहून अमेरिकी संरक्षण कंत्राटदारांना हेरगिरीचा संशय आला, आणि २००७ मध्ये ही भानगड जगजाहीर झाली. सुट्ट्या पैशांवर हेरगिरीचा आळ, बोला!

ससाण्याची गोष्ट मात्र गंभीर आहे. डीडीटीमुळे त्याच्या अंड्यांची कवचं इतकी पातळ झाली, की ती उबवतानाच फुटायची. १९७८ मध्ये कॅनडाने त्याच्या एका उपजातीवर 'धोक्यात' असा शिक्का मारला. कीटकनाशकावर बंधनं आली, पिंजऱ्यात वाढवलेली पिल्लं रानात सोडली गेली, आणि २०१७ मध्ये तज्ज्ञांच्या समितीने त्याला धोक्याबाहेर ठरवलं. त्याचा आपल्याकडचा भाऊबंद म्हणजे शाहीन. तो सह्याद्रीच्या कड्यांवर घरटं करतो. पुढच्या ट्रेकला मान वर करून बघा, फुकट दिसेल.