साबणाची नक्षी आणि कॉस्टिकचे वजन

पांढऱ्या वडीत निळ्या-जांभळ्या लाटा आणि सुरीने कापलेल्या प्रत्येक तुकड्यावर वेगळी नक्षी! असे साबण कापतानाचे व्हिडिओ मोबाईलवर सुरू झाले की फोन खाली ठेववत नाही. त्यातून घरी साबण करून पाहण्याची हौस निर्माण होते. उमरग्यासारख्या तालुक्याच्या गावातही सामान जमवणे आता अवघड नाही. तेल किराणा दुकानात मिळते, साचा आणि रंग घरपोच येतात. हौस चांगलीच आहे. मात्र व्हिडिओत दहा सेकंदांत उरकलेली एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी, ती म्हणजे कॉस्टिक सोडा किती घ्यायचा.

तेल आणि कॉस्टिक सोडा (सोडियम हायड्रॉक्साइड) यांचा संयोग झाला की साबण आणि ग्लिसरीन तयार होते. बाहेरून उष्णता न देता ही क्रिया होऊ दिली, तर तिला थंड पद्धत म्हणतात. कॉस्टिकशिवाय वडीचा साबण होत नाही. ‘केमिकल नसलेला घरगुती साबण’ असे कोणी म्हणत असेल, तर एक तर त्याला ही क्रिया माहीत नाही किंवा तो बाजारातून तयार बेस आणून वितळवतो आहे. क्रिया पूर्ण झाली आणि माप बरोबर असले, तर वडीत मोकळा कॉस्टिक उरत नाही. माप चुकले, तर तो उरतो आणि रोज अंगाला लागतो.

गोम अशी की प्रत्येक तेलाला लागणारा कॉस्टिक वेगळा असतो. एक ग्रॅम खोबरेल तेलाला सुमारे 0.183 ग्रॅम, पामतेलाला 0.141, करडई किंवा सोयाबीन तेलाला 0.136 आणि एरंडेलाला 0.128 ग्रॅम कॉस्टिक लागतो. व्हिडिओतली कृती बहुधा खोबरेलाची असते. आपल्याकडे खोबरेल म्हणजे डोक्याला लावायचे तेल, स्वयंपाकघरात सोयाबीन नाही तर करडई. ‘तेल ते तेल’ म्हणून बदल केला की काय होते पाहा. 500 ग्रॅम खोबरेलाला साडेएक्याण्णव ग्रॅम कॉस्टिक लागतो, तर तेवढ्याच करडईच्या तेलाला 68 ग्रॅम. म्हणजे साडेतेवीस ग्रॅम कॉस्टिक वडीत मोकळा राहतो. अशी वडी दिसायला सुंदर असू शकते, पण अंगाला लावली की आग होते आणि कातडी सोलते.

म्हणून वाटी-चमच्याचे माप इथे चालत नाही. एक ग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा डिजिटल काटा हवाच. उदाहरणार्थ खोबरेल 200, पामतेल 150, करडई 100 आणि एरंडेल 50 ग्रॅम घेतले, तर हिशेबाने पावणेअठ्ठ्याहत्तर ग्रॅम कॉस्टिक येतो. त्यातला पाच टक्के कमी करून 74 ग्रॅम घ्यायचा, म्हणजे थोडे तेल मुद्दाम शिल्लक राहते आणि साबण कडक लागत नाही. पाणी साधारण दुप्पट, 150 ग्रॅम. बोअरच्या जड पाण्यापेक्षा डिस्टिल्ड पाणी चांगले. करडई मराठवाड्याची खरी, पण साबणात तिचे प्रमाण कमीच ठेवावे. तिच्यातल्या लिनोलिक आम्लामुळे वडी मऊ राहते, पुढे खवट वास येतो आणि पिवळे-नारिंगी डाग पडतात. सोयाबीनचेही थोड्याफार फरकाने तेच.

नक्षीचे गणित वेळेचे असते. तेल आणि थंड झालेले कॉस्टिकचे पाणी, दोन्ही साधारण 35 ते 45 अंशांवर आले की मिसळतात. मिश्रण पातळ पिठल्यासारखे झाले, की त्याचे भाग करून रंग मिसळायचे, आळीपाळीने साच्यात ओतायचे आणि काडीने किंवा वाकवलेल्या तारेने फिरवायचे. हँड ब्लेंडर जास्त फिरवला तर ते पिठले घट्ट होते आणि लाटांऐवजी गोळे बसतात. लवंगेच्या तेलानेही मिश्रण पटकन आळते, व्हॅनिलाच्या सुगंधाने तपकिरी पडते.

रंगांच्या बाबतीत घरातले अनुभव कामाला येतात. हळदीचा डाग साबण लावल्यावर लाल होतो, हे प्रत्येक घरात ठाऊक असते. हळदीला अल्कली लागली की ती लाल होते. पारंपरिक कुंकूही याच गुणावर बनते. त्यामुळे ताज्या साबणात घातलेली हळद लालसर-नारिंगी दिसते. बीट आणि जास्वंद मात्र तपकिरी होऊन हिरमोड करतात. रतनजोत जांभळट छटा देते. कोळशाची पूड टिकते, तसेच सौंदर्यप्रसाधनांसाठी शुद्ध केलेले लोहाचे ऑक्साइड आणि अल्ट्रामरीन निळाही. रांगोळीचे रंग, गुलाल किंवा भिंतीचा रंग साबणात घालू नये. ते कातडीसाठी तयार केलेले नसतात.

आता धोक्याचे. कॉस्टिकचे दाणे साखरेसारखे किंवा खडेमिठासारखे दिसतात आणि पाण्यात टाकले की पाणी जवळजवळ उकळीच्या जवळ जाते. नेहमी पाण्यात कॉस्टिक थोडा थोडा टाकायचा, कॉस्टिकवर पाणी कधीही ओतायचे नाही. अ‍ॅल्युमिनियमची पातेली तर हातातसुद्धा घेऊ नये. कॉस्टिक ते धातू खातो आणि पेट घेणारा हायड्रोजन वायू सुटतो. स्टील किंवा जाड प्लास्टिकचे भांडे, चष्म्यासारखा बंद गॉगल, रबरी हातमोजे, लांब बाह्या आणि उघडी खिडकी एवढे हवेच. मुले आणि जनावरे त्या खोलीत नकोत. उरलेला कॉस्टिक सरबताच्या किंवा कोल्ड्रिंकच्या रिकाम्या बाटलीत ठेवणे हा तर सरळ अपघाताला आमंत्रण देण्याचा प्रकार. मूल एक घोट घेते, अन्ननलिका भाजते आणि पुढे ती आकुंचन पावून घास उतरेनासा होतो.

अल्कलीने भाजणे आम्लापेक्षा फसवे असते. अल्कली पेशी विरघळवत आत उतरत जाते, सुरुवातीला वेदना कमी वाटल्या तरी. अंगावर कोरडे दाणे पडले तर आधी झटकून टाकावेत, कपडे काढावेत आणि वाहत्या साध्या पाण्याखाली अर्धा तास तरी धुवावे. लिंबू, व्हिनेगर, हळद, टूथपेस्ट काही लावू नये. आम्लाने निष्प्रभ करायला गेले की उष्णता होते आणि वेळही जातो. डोळ्यात गेले तर पापण्या बोटांनी उघड्या धरून लगेच, जिथे आहे तिथेच, अर्धा तास पाणी सोडत राहावे. त्यानंतर उमरग्याच्या उपजिल्हा रुग्णालयात जावे. गरज पडली तर तिथून लातूर किंवा सोलापूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात पाठवतात. पण बुबुळ वाचते की नाही, हे बहुतेक त्या पहिल्या अर्ध्या तासावरच ठरते. पोटात गेल्यास उलटी करवू नये, तोंड धुवून 108 ला फोन करावा.

साबण साच्यात एक-दोन दिवस राहिला की कापायचा, तोही हातमोजे घालून. पुढे चार ते सहा आठवडे हवेशीर जागी वाळवायचा. क्रिया दोन-तीन दिवसांत जवळपास संपलेली असते, वाळवण्याने पाणी उडते आणि वडी टणक होते. उमरग्याच्या कोरड्या हिवाळ्या-उन्हाळ्यात हे काम लवकर होते. पावसाळ्यात ग्लिसरीन ओलावा ओढते आणि वडीवर घामासारखे थेंब दिसतात. झाला का नाही हे हळदीवरून तपासू नये, कारण चांगला साबणही हळद लाल करतो. जिभेला लावून बघण्याची पद्धतही सोडून द्यावी. फिनॉल्फ्थेलिनचा थेंब टाकून तो लगेच गडद गुलाबी झाला तर वडी वापरू नये.

चांगल्या साबणाचा सामूही 9 ते 10 असतो, कातडीचा 5 च्या आसपास. म्हणून तान्ह्या बाळाला, इसब असलेल्या किंवा फाटलेल्या कातडीला घरचा साबण लावू नये. कडुलिंब घातल्याने नायटा वा खरूज बरी होते, हा दावाही पटण्यासारखा नाही. त्यासाठी औषध लागते, आणि खरजेचे औषध तर घरातल्या सगळ्यांनी एकाच वेळी घ्यावे लागते.

बचत गटाने विकायला साबण करायचे ठरवले, तर हौसेचा भाग संपतो. आपल्याकडे अंघोळीचा साबण कायद्याने सौंदर्यप्रसाधनात मोडतो. त्यामुळे विक्रीसाठी बनवताना 2020 च्या सौंदर्यप्रसाधन नियमांनुसार अन्न व औषध प्रशासनाचा परवाना लागतो आणि वेष्टनावर घटक, उत्पादनाची तारीख, परवाना क्रमांक द्यावा लागतो. दर बॅचचे वजन आणि तेलाचा हिशेब वहीत लिहिण्याची सवय पहिल्या वडीपासूनच लावली, तर तपासणीच्या वेळी तीच वही पुढे ठेवता येते.