कार्यकर्ता घडवावा लागतो : उदार धर्मसंघांतील सभासदांचे नेतृत्व-प्रशिक्षण

कोणत्याही मंडळाच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत एक क्षण हमखास येतो. अहवाल वाचून होतो, जमाखर्च मंजूर होतो आणि अध्यक्ष म्हणतात, "नवीन कार्यकारिणीसाठी नावे सुचवा." त्याबरोबर सभेतील माना खाली जातात. कोणी घड्याळ पाहतो, कोणाला एकाएकी चहाची व्यवस्था आठवते. शेवटी "जुन्यांनाच चालू ठेवा" हा ठराव टाळ्यांच्या गजरात मंजूर होतो. मग वर्षभर सभासद कुरकुरतात की तेच तेच लोक खुर्च्या अडवून बसले आहेत, आणि पदाधिकारी म्हणतात की आम्ही एकट्यांनी किती ओढायचे? दोघांचेही म्हणणे खरे असते.

मी बँकेत लिपिक आहे. आमच्याकडे रोखपालाच्या खिडकीवर बसविण्यापूर्वी माणसाला काम शिकवितात, ठराविक काळाने टेबल बदलतात आणि तिजोरीच्या किल्ल्या एकट्याच्या हाती ठेवीत नाहीत. विहाराचे, वाचनालयाचे आणि शेकडो सभासदांच्या वर्गणीचे काम मात्र आपण कोणाला काहीही न शिकविता सोपवितो. नेतृत्व शिकविता येते काय, हा प्रश्न ज्यांनी मनावर घेतला अशा एका धर्मसमाजाची ओळख या लेखात करून द्यावयाची आहे.

अमेरिकेत युनिटेरियन आणि युनिव्हर्सलिस्ट असे दोन उदारमतवादी ख्रिस्ती पंथ होते. १९६१ साली ते एकत्र आले आणि 'युनिटेरियन युनिव्हर्सलिस्ट असोसिएशन' ही संस्था स्थापन झाली. तिचे मुख्य कार्यालय बोस्टन शहरात असून सुमारे एक हजार स्थानिक धर्मसंघ तिच्याशी संलग्न आहेत. या समाजात सर्वांवर बंधनकारक असा धर्मसिद्धांत नाही. सद्सद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य आणि लोकशाही पद्धत यांना त्यांनी तत्त्वाचे स्थान दिले आहे. ईश्वर मानणारे आणि न मानणारे एकाच सभागृहात शेजारी बसतात. बुद्धविचाराचा अभ्यास करणारेही त्यांच्यात आहेत.

त्यांच्याकडे वरून हुकूम देणारा कोणी पीठाधीश नसतो. प्रत्येक स्थानिक संघ आपले विश्वस्त स्वतः निवडतो, अंदाजपत्रक स्वतः मंजूर करतो आणि धर्मोपदेशक कोण असावा हेही सभासद मतदानाने ठरवितात. कित्येक लहान संघांना पगारी उपदेशक परवडत नाही. तेथे रविवारचे प्रवचनसुद्धा सभासदच करतात. कधी शिक्षिका, कधी परिचारिका, तर कधी निवृत्त कारकून. म्हणजे संघ चालला तर सभासदांच्या जोरावर आणि बुडाला तरी त्यांच्यामुळेच. म्हणूनच त्यांना सभासदांच्या प्रशिक्षणाची गरज भासली.

या समाजात अनेक वर्षे उन्हाळ्यात सुमारे आठवडाभराची निवासी नेतृत्व-शिबिरे भरत आली. अलीकडे काही अभ्यासक्रम संगणकावरून घरबसल्याही होतात. एका संघातून एकच माणूस न पाठविता दोघातिघांनी मिळून यावे, असा आग्रह असतो. त्याचे कारण उघड आहे. एकटा माणूस शिकून आला तर परतल्यावर तो एकटाच पडतो. दोघे असले तर निदान एकमेकांना आठवण करून देतात.

शिबिरात काय शिकवितात? पहिला विषय आपल्या समाजाचा इतिहास. आपण कोण आणि कोठून आलो हे ज्याला सांगता येत नाही, त्याला पुढची दिशाही दाखविता येत नाही. दुसरा विषय उपासनेचे संचालन. शिबिरार्थींचे छोटे गट पाडतात आणि प्रत्येक गट उपासना स्वतः बसवून सर्वांसमोर सादर करतो. जो कधी ध्वनिक्षेपकासमोर उभा राहिला नाही, त्यालाही तेथे उभे राहावे लागते. चुकले तर हसणारे कोणी नसते, हा शिबिराचा मोठा फायदा.

तिसरा विषय सभा चालविणे. याची एक बोधप्रद हकीकत आहे. हेन्री मार्टिन रॉबर्ट हे अमेरिकन सैन्यातील अभियंता. १८६३ साली न्यू बेडफर्ड या गावी चर्चमध्ये भरलेल्या एका सभेचे अध्यक्षपद त्यांच्याकडे अनपेक्षितपणे आले आणि सभा त्यांच्या हाताबाहेर गेली. त्या फजितीनंतर त्यांनी सभाशास्त्राचा कसून अभ्यास केला. १८७६ साली त्यांनी प्रसिद्ध केलेले नियमांचे पुस्तक 'रॉबर्ट्स रूल्स ऑफ ऑर्डर' या नावाने आजही अमेरिकेत असंख्य संस्था वापरतात. सूचना कोणी मांडावी, अनुमोदन केव्हा द्यावे, दुरुस्ती कशी आणावी, अल्पमताला बोलण्याची संधी कशी मिळावी, हे सारे शिकण्यासारखे आहे. ते उपजत कोणालाच येत नाही.

चौथा विषय मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, तो म्हणजे भांडण. एडविन फ्रीडमन नावाचे ज्यू धर्मगुरू कुटुंबांचे समुपदेशकही होते. १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या 'जनरेशन टू जनरेशन' या ग्रंथात त्यांनी दाखवून दिले की धर्मसंघ हा एखाद्या कुटुंबासारखा वागतो. कुटुंबात दोघांचे बिनसले की ते एकमेकांशी न बोलता तिसऱ्याला मध्ये ओढतात. त्या तिसऱ्याला वाटते आपण मदत करीत आहोत. प्रत्यक्षात त्याच्यामुळे भांडण मुरत जाते. अशा वेळी जो स्वतः शांत राहतो, दोन्ही बाजूंशी संबंध तोडत नाही आणि "तुम्ही हे त्यांच्याशीच समोरासमोर बोला" असे म्हणू शकतो, तोच खरा नेता. फ्रीडमन यांच्या या विचाराचा उदार धर्मसंघांच्या शिबिरांवर मोठा प्रभाव पडला.

हे वाचताना मला माझीच एक चूक आठवली. पूर्वी मी एका वस्तीतील मंडळाचा सहचिटणीस होतो. खजिनदार प्रामाणिक होते, पण पावत्या पिशवीत ठेवण्याची त्यांची सवय. एका तरुणाने सभेत हिशेब विचारला. त्यांना तो अपमान वाटला. पुढे दोन महिने मी याचे निरोप त्याला आणि त्याचे याला पोहोचवीत राहिलो. दोघांना एका सतरंजीवर बसविण्याचे मला सुचले नाही. पुढच्या जयंतीला त्याच गल्लीतून दोन मिरवणुका निघाल्या. पैशाचा घोळ शेवटपर्यंत निघाला नाही. पण मंडळ फुटले ते फुटलेच.

या उदार धर्माशी महाराष्ट्राचे नाते जुने आहे. महर्षी विठ्ठल रामजी शिंदे हे १९०१ ते १९०३ या काळात ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात युनिटेरियन शिष्यवृत्तीवर शिकले. पालीतील दीघनिकायाच्या संपादनात ऱ्हिस डेव्हिड्स यांच्यासमवेत असलेले एस्टलिन कार्पेंटर तेथे अध्यापक होते. १९०३ साली ॲमस्टरडॅम येथील उदार धर्मीयांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत शिंदे यांनी हिंदुस्थानातील उदार धर्मावर निबंध वाचला. परत आल्यावर त्यांनी मुंबईत प्रार्थनासमाजाचे प्रचारक म्हणून काम केले आणि १९०६ साली डिप्रेस्ड क्लासेस मिशन स्थापन केले. त्यांच्या भगिनी जनाक्का याही त्या कामात होत्या.

शिंदे यांची तळमळ निर्विवाद होती. तरीही १९२० साली नागपूरच्या परिषदेत, अस्पृश्यांचे प्रतिनिधी कसे निवडावेत या प्रश्नावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मिशनच्या भूमिकेला विरोध केला. आमचे प्रतिनिधी आम्हीच निवडू, हा त्या विरोधाचा गाभा होता. बाहेरून आलेला नेता कितीही सुशिक्षित आणि दयाळू असला, तरी ज्यांचे काम त्यांच्यातूनच कार्यकर्ते तयार झाले पाहिजेत, हा त्यातून घेण्याचा धडा आहे. म्हणूनच जुलै १९५६ मध्ये बाबासाहेबांनी मुंबईत राजकारणात येऊ इच्छिणाऱ्यांसाठी प्रशिक्षण विद्यालय सुरू केले. पहिल्या तुकडीत पंधराच विद्यार्थी होते. त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर काही महिन्यांतच, मार्च १९५७ मध्ये, ते बंद पडले. धर्मांतराच्या वर्षी, प्रकृती खालावलेली असताना त्यांनी हे काम हाती घेतले, यावरून त्याची निकड कळते.

आणि ही विद्या आपल्याला परकी नाही. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी सांगितले होते की भिक्खू संघाला आसनव्यवस्था, ठराव, गणसंख्या, मतमोजणी, गुप्त मतदान हे सारे नियम माहीत होते. वारंवार एकत्र जमावे, एकोप्याने जमावे आणि एकोप्याने उठावे, असे वागणाऱ्या वज्जींची हानी होणार नाही, असे तथागतांनी सांगितल्याचे महापरिनिब्बान सुत्तात आहे.

अमेरिकेतील शिबिर जसेच्या तसे उचलता येणार नाही. तेथील बहुतेक सभासद सुशिक्षित मध्यमवर्गीय आहेत. आठवड्याची रजा त्यांना काढता येते. आपल्याकडे कोणी पाळीत काम करतो, कोणी रोजंदारीवर. पण दोन रविवार काढता येतील. प्रत्येक पदाधिकाऱ्याने एक शिकाऊ जोडीदार घ्यावा. सभेचे इतिवृत्त विद्यार्थ्यांनी लिहावे आणि त्यांनीच वाचावे. जमाखर्च दर महिन्याला फलकावर लागावा, म्हणजे हिशेब विचारणे हा अपमान ठरणार नाही. भगिनींना केवळ स्वागताचे आणि भोजनाचे काम न देता सह्यांचे अधिकार द्यावेत. युनिव्हर्सलिस्टांनी १८६३ साली ऑलिंपिया ब्राऊन या स्त्रीला धर्मोपदेशकाची दीक्षा दिली होती. आपण अजून खजिनदारपदापाशी अडलो आहोत.

शेवटची गोष्ट आम्हा जुन्या लोकांसाठी. पद घ्यावे कसे हे शिकवितात, तसेच सोडावे कसे हेही शिकावे लागते. मुदत संपली की किल्ल्या, वह्या आणि शिक्के नव्या माणसाच्या हाती द्यावेत, आणि त्याने विचारल्याशिवाय त्याच्या खुर्चीमागे उभे राहू नये. तो चुकेल. आपणही चुकलो होतोच. पुढच्या सर्वसाधारण सभेत नावे सुचविण्याची वेळ येईल तेव्हा माना खाली जाण्याऐवजी दोन-चार तरुण हात वर झाले, तर ही स्मरणिका छापल्याचे सार्थक झाले असे मी मानीन.